मदतनीस निघाली आहे

१२ ऑगस्ट

निवृत्तीनंतर मी घरी बसेन असं फक्त मलाच वाटत होतं. धाकट्याने, म्हणजे माझ्या भावाने, इतके दिवस डोकं खाल्लं आणि शेवटी आज आम्ही चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घरी मदतनीस पाठवायच्या. बायका मी निवडायच्या, मी तयार करायच्या. आयुष्यभर नर्स म्हणून वॉर्डात दुसरं काय केलं?

"अक्का, तू माणसं बघ, मी वेबसाइट बघतो," धाकटा म्हणाला. "लोक फोनवर बोट लावतील आणि बाई दारात हजर!" त्याने आजवर टाइल्स विकल्या आहेत, वेबसाइट कधी पाहिली असेल तर क्रिकेटचा स्कोअर बघायला. पण बोलतो असं, की आत्ताच कुणी दार वाजवलं असं वाटावं.

१९ ऑगस्ट

आज मुलाखती घेतल्या. जाहिरात धाकट्याने लिहिली होती. चार कंपन्यांच्या जाहिराती समोर ठेवून जे जे बरं वाटलं ते ते उचललं. चित्रं काढता यावीत, मजकूर लिहिता यावा, सर्व्हर सांभाळता यावा, ग्राहकांशी गोड बोलता यावं. मी विचारलं, "हे सगळं एकाच माणसाला येतं?" म्हणाला, "आजकाल येतं."

एक मुलगी निवडली. मुलगी म्हणजे तिशीची बाई, तिला स्वतःची लहान मुलगी आहे. विचारलं तेवढंच बोलते. कामाचे जुने नमुने दाखवले, ते सुरेख होते. अक्षरं मोठी, बटणं मोठी, माझ्यासारखीलाही चष्मा न शोधता वाचता यावं असं. ती म्हणाली, "सिस्टर, लोकांना जे दिसतं, ज्याला ते बोट लावतात, ते माझं काम. भरलेली माहिती कुठे साठते, कुणाकडे जाते, ते मागचं काम. त्याला वेगळा माणूस लागेल."

"समोरचं आणि मागचं, घर एकच ना?" धाकटा हसत म्हणाला. त्याचा एक मित्र आहे, तो मागचं करून देणार आहे. जाता जाता धाकट्याने तिचं बारसंही उरकलं: वेबताई. ती हसली. मला वाटतं तिला आवडलं.

६ सप्टेंबर

वेबताई कामाला चांगली, पण दर गोष्टीत तिला "हे कोण ठरवणार?" असं विचारायची खोड आहे. रंग कोण ठरवणार, मजकूर कोण देणार, चूक आढळली तर कुणाला सांगायची. मी म्हटलं, अगं, आपण तिघंच तर आहोत, घरच्यासारखे. घरात कुणी असं विचारतं का? मग रंग तिनेच ठरवले. बरे आहेत.

संध्याकाळी पाच वाजले की तिचं लक्ष दाराकडे. मुलीला पाळणाघरातून आणायचं असतं. आमच्या काळी वॉर्डात घड्याळाकडे बघणारी नर्स मी दुसऱ्यांदा बघत नसे. पण तिला काही बोलले नाही. माया लावली की माणूस आपोआप थांबतं.

२२ सप्टेंबर

धाकट्याने तिला टॅक्सीचं ॲप दाखवलं. गाडी नकाशावर सरकताना दिसते, तशी आपली बाई सरकताना दिसायला हवी, आणि ती दहा तारखेपर्यंत. वेबताई म्हणाली, "त्या कंपनीत नुसत्या त्या नकाशावर शंभर माणसं बसली असतील." धाकटा म्हणाला, "म्हणूनच तर तुला घेतलं, ते शंभर परवडत नाहीत." मी पण हसले. ती नाही हसली. तिला विनोद उशिरा कळतो बहुधा.

सर्व्हरवाला मित्र एकदा येऊन गेला. चहा घेतला, खुर्चीत मागे रेलून "सोपं आहे" म्हणाला, अर्धवट काहीतरी जोडून दिलं. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला होता, तो आठवडा गेला.

प्रिंटर बिघडला होता, तो तिने दुरुस्त केला. फोन वाजला की तीच उचलते, कारण तिच्या टेबलाजवळ आहे. एकूण मुलगी हाताशी आल्यासारखी वाटते.

४ ऑक्टोबर

सर्व्हरवाल्याने हात वर केले. त्याला परदेशी काम मिळालं. धाकट्याने फोन ठेवला आणि मान वळवून म्हणाला, "वेबताई, आता मागचंही तूच. शेवटी संगणकच ना!"

तिने टाइप करणं थांबवलं. मग म्हणाली, "मी कधी केलेलं नाही. शिकावं लागेल. वेळ लागेल, आणि चुका होतील."

तिला धीर यावा म्हणून मी माझी गोष्ट सांगितली. साथीच्या वर्षी दोन वॉर्ड मी एकटीने चालवले होते. नवखीच होते, कुणी शिकवायला नव्हतं. पदर खोचला आणि केलं. माणसात जिद्द असली की होतं सगळं.

"तेव्हा चुका झाल्या का, सिस्टर?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तसं काही आठवत नाही.

खरं म्हणजे त्या वर्षी काय काय झालं ते कुणाला आठवतं! लिहून ठेवायलाही कुणी नव्हतं.

११ ऑक्टोबर

आज वेबताईशी थोडं वाजलं. आवाज चढले नाहीत, पण मन खट्टू झालं.

घरच्या माणसाने नोंद केली की आमच्या बाईच्या फोनवर निरोप जातो. इथवर तिने जमवलं आहे, कौतुकाचंच आहे. पण निरोप बाईने वाचला का, हे कळायची सोय अजून नाही. म्हणून नोंद झाल्यावर स्क्रीनवर तिने लिहिलं होतं: 'निरोप पाठवला आहे. मदतनिसाच्या उत्तराची वाट पाहत आहोत.'

मी म्हटलं, "हे काय लिहिलंस? घरात आजारी माणूस, त्यात असं वाचलं तर जीव टांगणीला लागेल त्यांचा. 'मदतनीस निघाली आहे' असं लिही."

"पण निघाली नसेल तर?"

"निघेलच. माझ्या बायका आहेत त्या, मी पारखून घेतल्यात."

"तसं नाही, सिस्टर. ती निघाली की नाही हे त्या पानाला कळतच नाही. पान ते वाक्य सगळ्यांनाच दाखवेल."

मी तिला समजावलं. नातेवाईक काचेबाहेर उभे असतात तेव्हा आपण "डॉक्टर येताहेत" म्हणतो. डॉक्टर कुठे असतात ते आपल्याला तरी कुठे ठाऊक असतं? पण त्या शब्दाने माणूस खाली बसतो, पाणी पितो. शब्दही औषध असतो. धाकट्याने टाळी दिली. "अक्का बोलली ते फायनल."

तिने वाक्य बदललं. मग विचारलं, "मग सकाळी आलेल्या नोंदी कुणीतरी बघायला हव्यात. बाईला फोन करून खात्री करायला हवी. ते कोण करेल?"

"बघू की," धाकटा म्हणाला.

हुशार आहे, पण विश्वास टाकायला शिकली पाहिजे.

१६ ऑक्टोबर

सुरू झालं! रिबन मी कापली. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्याही. पहिल्याच दिवशी नोंदी आल्या आणि प्रत्येक घरी बाई पोचली. एका आजोबांच्या सुनेने फोन करून सांगितलं की कितीतरी दिवसांनी ती आज निवांत जेवली. या एका फोनसाठी सगळं केलं म्हणायचं.

नकाशा काही झाला नाही. धाकटा त्यावरून थोडा नाराज आहे.

३१ ऑक्टोबर

काम वाढलं, देवाची कृपा. वेबताईचे डोळे लाल दिसतात. मी तिला ड्रॉप्स आणून दिले आणि मधूनमधून लांब बघत जा म्हटलं. डबा बहुतेक तसाच परत नेते. सकाळी लवकर येऊन नोंदी बघते, बायकांना फोन करते, मग दिवसभर साइटचं काम. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून अंगावर घेतलं. याला म्हणतात जबाबदारी!

आज मात्र ती म्हणाली, "सिस्टर, माझं काम नेमकं काय आहे, ते एकदा सांगाल का?"

मी लाडाने म्हटलं, "तू आमचा कणा आहेस."

ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

९ नोव्हेंबर

वेबताईच्या मुलीला ताप आहे. उद्याची रजा मागितली. महिना ऐन भरात, धाकटा कुरकुरला, पण मी दिली. आईपण मला कळत नाही असं कुणी म्हणू नये. जाताना ती दोनदा म्हणाली, उद्याच्या नोंदी तेवढ्या कुणीतरी बघा. मी हो म्हटलं. धाकट्यानेही हो म्हटलं.

१० नोव्हेंबर

आज लिहवत नाही.

१२ नोव्हेंबर

जे झालं ते लिहून ठेवते.

बेकरीत काम करणारी एक बाई. तिचे वडील अर्ध्या अंगाने लुळे, पण डोकं शाबूत, बोलणं स्वच्छ. तिला पहाटे भट्टीवर जावं लागतं. दहा तारखेच्या सकाळसाठी तिने आमच्याकडे नोंद केली होती. निघायची वेळ झाली, बाई आली नाही. तिने फोनवर पाहिलं: 'मदतनीस निघाली आहे.' वडील म्हणाले, "जा तू, निघालीय ना ती, येईल पाच मिनिटांत." दाराला नुसती कडी लावून ती गेली.

आमची मदतनीस घरीच होती. तिचा फोन बिघडून दुकानात पडला होता. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

वडिलांनी वाट पाहिली. मग न राहवून एकटेच मोरीकडे निघाले आणि पडले. मुलीने मधे दोनदा फोन उघडून पाहिला. दोन्ही वेळा तेच वाक्य. दुपारी ती घरी आली तेव्हा ते ओल्या फरशीवर होते, थंड पडलेले, शुद्धीत. खुब्याचं हाड मोडलं आहे.

त्या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

मला वाटलं होतं नोंदी धाकटा बघेल. धाकट्याला वाटलं मी. दोघांनाही वाटलं असेल की वेबताई घरून बघेलच.

१४ नोव्हेंबर

धाकट्याने वेबताईला बोलावलं. तिची मुलगी अजून पुरती बरी नाही, तिला कडेवर घेऊनच आली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं, म्हणून धाकटा हळू आवाजात बोलला. हळू आवाजात बोललेलं जास्त लागतं.

"स्क्रीनवर जे दिसतं ते तुझं काम, हे तूच पहिल्या दिवशी म्हणाली होतीस. स्क्रीनवर खोटं दिसलं. आता सांग."

"मी म्हटलं होतं की पानाला ते कळत नाही."

"कुणाला म्हटलं होतंस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. घरचं माणूस काही बोलेल म्हणून आपण बघतो ना, तसं.

मी चष्मा काढून पुसत बसले. काच स्वच्छच होती.

उद्यापासून येऊ नकोस, असं धाकट्याने सांगितलं. तिने एका हाताने ड्रॉवर उघडून तिचा पाण्याचा कप घेतला, मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जिना उतरली. बसथांब्यावर ती बराच वेळ उभी होती. मी खिडकीतून बघत होते.

धाकट्याने बेकरीवाल्या बाईला पत्र पाठवलं: तांत्रिक कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे प्रकार घडला, संबंधित मुलीला कामावरून कमी केलं आहे. माझी सही घेतली. त्यात शब्दाला शब्द खोटं असं काही नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

२१ नोव्हेंबर

धाकट्याने पुन्हा जाहिरात दिली. तीच, दोन ओळी वाढवून. आता नोंदींवर लक्ष ठेवणंही त्यात आहे आणि दडपणाखाली हसतमुख राहणंही.

मी ती वाचली. वॉर्डात माझ्या हाताखालची नवीन पोरगी औषधाची बाटली हातात घेऊन "मी देऊ का?" म्हणाली, तर मी आधी विचारायची, आज औषधांवर कोण आहे? एका पाळीने दुसऱ्या पाळीच्या हातात वॉर्ड दिल्याशिवाय मी कुणाला घरी जाऊ दिलं नाही. एकेका खाटेचं नाव घेऊन द्यायचा. यावरून मी मुलींना रडवलेलं आहे.

इथे मी 'घरच्यासारखे' म्हणाले.

२८ नोव्हेंबर

आज गेले त्यांच्या घरी. धाकट्याला न सांगता. रुग्णालयातून त्यांना घरी सोडलं आहे. या वयात या अवस्थेत शस्त्रक्रिया नको म्हणाले डॉक्टर.

बेकरीवाल्या बाईने दार उघडलं. अंगावर घरचे कपडे. कामावर जाणं तिने सोडलं आहे. मी कोण ते सांगितलं. ती दारातून हलली नाही.

"पत्र आलं तुमचं," ती म्हणाली. "काढलंत ना त्या मुलीला?"

"हो."

"मला एकच विचारायचं होतं. ते वाक्य तिनेच लिहिलं का? मी ते तीनदा वाचलं हो त्या दिवशी. मला वाटत राहतं, ज्याने ते लिहिलं त्याला काहीतरी दिसत असेल म्हणूनच लिहिलं असेल."

जिना चढताना मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच वापरलं नाही.

"मी लिहायला लावलं," मी म्हटलं. "ती नको म्हणत होती. मला काही दिसत नव्हतं. तुम्हाला धीर वाटावा म्हणून लिहिलं."

तिचा हात दाराच्या कडीवर गेला. शिव्या देईल, दार लावेल असं वाटलं, आणि तिने लावलं असतं तर बरंच झालं असतं.

"धीर वाटला होता," ती म्हणाली. "म्हणून तर गेले."

आतून म्हाताऱ्यांचा कण्हल्यासारखा आवाज आला. ती मागे वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "सकाळपासून उताणे आहेत. कूस बदलायला दोघं लागतात. शेजारीण अजून आली नाही."

मी हात धुतले. मांडीखाली उशी घातली, चादर दोन्हीकडून घट्ट धरली, आणि तिला सांगितलं, मी म्हणेन तेव्हाच. पाठीवर लाल चट्टा उठू लागला होता. म्हाताऱ्यांनी डोळे उघडून मला विचारलं, "आलीस का गं बाई?" त्यांना मी त्यांची ठरलेली मदतनीस वाटले.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

निघताना बेकरीवाली बाई म्हणाली, "उद्या येऊ नका. मला जमेल तेव्हा मी सांगेन." मी मान हलवली.

१ डिसेंबर

धाकट्याला सगळं सांगितलं. त्याने टेबलावर हात आपटला. "अक्का, तू स्वतःच्या हाताने दुकानाला आग लावलीस! ती बाई आता तक्रार करणार." मी म्हटलं, करू दे, तक्रारीत माझं नाव घालायला सांगितलं आहे. तो रडायला लागला. लहानपणी पडला की रडायचा तसाच, तोंड उघडं टाकून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, एवढंच.

या महिन्याच्या आधीच घेतलेल्या नोंदी मी स्वतः फोनवरून सांभाळते आहे. नवीन घेत नाही. साइट बंद करायला सांगितली. ती कशी बंद करतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

१८ डिसेंबर

वेबताईचा फोन आला. तिने फोन करावा अशी माझी लायकी नाही, तरी केला. दुसरीकडे नोकरीचं बोलणं चाललं आहे, अनुभवाचा दाखला हवा होता. मी म्हटलं, उद्या ये, आजच लिहून ठेवते.

कागद घेऊन बसले. मनात आलं, आता तरी या पोरीला तिचं माप पदरात घालावं. भरभरून लिहिलं. साइट बनवली, सर्व्हर सांभाळला, मजकूर लिहिला, चित्रं जमवली, फोन घेतले, मदतनिसांचं नियोजन केलं, प्रिंटरसुद्धा. कागद पुरला नाही.

१९ डिसेंबर

ती आली. मुलीला बरं आहे म्हणाली. मी बेकरीवाल्या घरी जाऊन काय सांगितलं ते सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आजोबा कसे आहेत?" मी म्हटलं, आहेत. 

मी म्हटलं, "चुकलं माझं. त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली.

मी दाखला पुढे केला. तिने दोन्ही पानं सावकाश वाचली. मला वाटलं, खूश होईल. तिने ती पानं माझ्याकडे परत सरकवली.

"सिस्टर, हे नको. एवढं सगळं लिहिलंत तर पुढचेही सगळंच मागतील."

"मग काय लिहू?"

"ज्या कामाला आले होते तेवढंच. समोरची पानं बनवते. बास."

"पण तू तर किती केलंस..."

"केलं," ती म्हणाली. "ते माझं काम नव्हतं."

मी नवीन कागद घेतला. तिने सांगितलं, मी लिहिलं. अडीच ओळींत संपलं. खाली इतकी कोरी जागा राहिली की सही कुठे करू ते कळेना. मी वर, मजकुराला चिकटून केली.

ती जिन्याकडे गेली तेव्हा मी विचारलं, "पुन्हा कधी सुरू केलं, नीट माणसं घेऊन, तर येशील?"

तिने वळून पाहिलं.  कागदाची घडी केली, पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन ओढली. मग "येते, सिस्टर" म्हणाली आणि उतरून गेली.

'येते' म्हणाली. आता त्याचा अर्थ मी काय धरायचा?